वृद्धांच्या खालची ओळ

उडुप : ...आणि हे शेवटचं बटण. दाबलं, सिस्टर. आपली संस्था आता जगाच्या नोंदवहीत गेली.

सुमित्रा : थांबा. दाबायच्या आधी मला वाचून दाखवणार होतात ना?

उडुप : दाखवलं की. तुम्ही तेव्हा कुबड्यांना रबर बसवत होतात.

सुमित्रा : मला ऐकू आलं ते फक्त 'पुढे', 'पुढे', 'पुढे'.

उडुप : तेच लिहिलं होतं तिथं. सिस्टर, छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी, शेवटची अकरा पोस्टमास्तर म्हणून. तुम्ही इंजेक्शन द्या, फॉर्म माझ्यावर सोडा. संस्थेचं नाव, ऊरुगोलु. म्हणजे टेकायची काठी. गाव, कुंदापुरापासून सात किलोमीटर, समुद्राकाठी. काम, काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, आजारी माणसाच्या खाटा गरजूंना वापरायला देणे आणि काम झाल्यावर परत आणणे.

सुमित्रा : परत आणणे! तीन खुर्च्या कुठे गेल्यात त्याचा पत्ता नाही. एका खुर्चीवर हेम्माडीच्या बाजारात केळ्यांचे घड ठेवलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

उडुप : म्हणून तर हा खटाटोप. आपल्या वहीला वाळवी लागते, याला लागत नाही. माझ्या भाचीनं बेंगळुरूहून यादीच पाठवलीय. 'सेवाभावी संस्थांना उपयोगी ऑनलाइन साधनं, सगळी फुकट.' कुठली वस्तू कुणाकडे आहे त्याचा तक्ता. सगळ्यांना एका दमात निरोप धाडायची सोय. आपोआप तयार होणारी वेबसाइट. तोंड बघत बोलायची सोय. एकदा नोंदणी झाली की सगळी दारं उघडतात.

सुमित्रा : आणि झाली ती?

उडुप : हे काय, उत्तर आलंसुद्धा! दोन मिनिटांत. आमच्या खात्यात दोन मिनिटांत शिक्क्याला शाई लागत नसे. ऐका. 'अभिनंदन. ऊरुगोलु संस्थेचे मनःपूर्वक स्वागत. आपल्या किनाऱ्यावरील व्हेल आणि डॉल्फिन यांच्यासाठी आपण घेत असलेले कष्ट...'

सुमित्रा : कुणासाठी?

उडुप : व्हेल आणि डॉल्फिन.

सुमित्रा : पोस्टमास्तर.

उडुप : थांबा, थांबा. तिथं एक यादी होती. तुम्ही कुणासाठी काम करता त्याची. एका ओळीत 'वृद्ध व अपंग'. त्याच्या खालची ओळ 'व्हेल व डॉल्फिन'. माझं बोट जाड आहे, सिस्टर. त्याला मी काय करू?

सुमित्रा : बदला ते.

उडुप : बदलता येतं. इथं दिलंय. 'प्रकार बदलायचा असल्यास अर्ज करावा. पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल.'

सुमित्रा : म्हणजे तोवर आपण डॉल्फिनवाले?

उडुप : कागदोपत्री. फक्त कागदोपत्री. कुणाला कळणार आहे?

*

सुमित्रा : सकाळपासून हा सहावा फोन. कुणीतरी मणिपालचा. विचारतो, डॉल्फिनना खाऊ घालायची वेळ कोणती?

उडुप : काय सांगितलंत?

सुमित्रा : म्हटलं, इथं खाणारी मी एकटीच, आणि मी दीड वाजता खाते. तर म्हणतो, बाहेरच्यांना बघू देतात का?

उडुप : नकाशावर आलोय आपण, त्याचा परिणाम. 'ऊरुगोलु, समुद्री प्राणी बचाव केंद्र. चोवीस तास उघडे.'

सुमित्रा : चोवीस तास कुणी सांगितलं त्यांना?

उडुप : वेळ लिहायची जागा मी रिकामी सोडली होती. रिकाम्या जागेचा त्यांनी तसा अर्थ लावला. पण सिस्टर, वेबसाइट मात्र सुरेख झालीय. आपण फोटो द्यायचे, बाकी सगळं ते आपोआप करतं. चष्मा लावा आणि बघा.

सुमित्रा : हे गणपय्या अज्ज आहेत. आपल्या वॉकरवर उभे.

उडुप : हो, ठेवण चांगली आलीय.

सुमित्रा : खाली काय लिहिलंय ते वाचा.

उडुप : 'गेल्या वर्षी वाचवलेला प्राणी. आता स्वतः हालचाल करतो.'

सुमित्रा : त्र्याऐंशी वर्षांचा माणूस आहे तो! त्यांच्या घरच्यांनी पाहिलं तर काय तोंड दाखवू मी?

उडुप : पाहिलं त्यांनी. सुनेनं मोठा करून छापून आणला, फ्रेम केली. अज्ज म्हणाले, ज्यानं लिहिलं त्याला माझ्याकडून एक नारळ द्या. घरात कुणी म्हणत नाही, हा म्हातारा स्वतः हालचाल करतो.

सुमित्रा : देवा. आणि आता काय टाइप करताय?

उडुप : निरोपाची यादी. ज्यांच्याकडे आपली एखादी तरी वस्तू आहे, त्या सगळ्यांचे नंबर. एकशे बारा झाले. बटण एक, निरोप एकशे बारा. तक्ताही भरून झालाय. ओळ एक, हवेची गादी, सद्यःस्थिती—

सुमित्रा : दुरुस्तीत. माहीत आहे मला. फोन वाजतोय, द्या इकडे. हा सातवा. हॅलो!

गिरिजा : हॅलो! डॉल्फिनचा दवाखाना ना?

सुमित्रा : नाही.

गिरिजा : नाही कसा? नकाशात दिसतोय. मी गिरिजा खार्वी, खारवीकेरीच्या, आमच्या मच्छीमार वस्तीच्या मागच्या वाळूवरून बोलतेय. तुमचा पेशंट इथं पडलाय.

सुमित्रा : आमचा कुणी नाही. बाई, आम्ही म्हाताऱ्यांना काठ्या देतो.

गिरिजा : याला काठी काय कामाची, अक्का? याला पाय कुठेत? भरती उतरली आणि हा वाळूत रुतून बसला. चांगला माझ्या नवऱ्याएवढा लांब आहे, आणि त्याच्यासारखाच पडून टकामका बघतोय.

सुमित्रा : वनखात्याला कळवा.

गिरिजा : कळवलं. ते निघालेत, पण घाटावरच्या कामावर होते, यायला तीन तास. त्यांच्यातलाच एक म्हणाला, तुमच्या शेजारीच केंद्र आहे की, नकाशात बघा, तोवर त्यांना बोलवा. बोलावतेय! आता तुम्ही नाही म्हणा, म्हणजे मी इथं बसून याच्या तोंडात तुळशीपत्र घालते.

सुमित्रा : श्वास घेतोय?

गिरिजा : घेतोय. फुस्स करून. दचकायला होतं.

सुमित्रा : किती वेळानं?

गिरिजा : ते कोण मोजतंय?

सुमित्रा : तू मोज. दोन फुस्सच्या मध्ये किती आकडे होतात ते. अंगावर ऊन आहे का त्याच्या?

गिरिजा : ऊन नाही तर काय मंडप आहे?

सुमित्रा : सावली कर. ओढू नकोस, शेपटीला हात लावू देऊ नकोस कुणाला. फोन चालू ठेव. पोस्टमास्तर, उठा.

उडुप : उठा म्हणजे? सिस्टर, आपल्याला अधिकार नाही. आपला प्रकार चुकीचा नोंदला गेलाय, तसा अर्ज मी स्वतः—

सुमित्रा : तुमच्या त्या यादीत काही उपयोगाचं आहे की नुसतीच अभिनंदनं?

उडुप : आहे. हे बटण. 'तज्ज्ञांशी बोला.' लागलासुद्धा! कोचीच्या डॉक्टर आहेत, पशुवैद्य, मेरीकुट्टी नाव. नमस्कार मॅडम. हो, ऊरुगोलु. नाही मॅडम, अनुभव... सिस्टर, त्या विचारतायत, या कामाचा अनुभव किती वर्षांचा?

सुमित्रा : सांगा, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचा चाळीस वर्षांचा.

उडुप : सांगितलं. म्हणतायत, पुष्कळ झाला. अंग ओलं ठेवा. ओल्या चादरी घाला. गडबड नको. पोटावर सरळ ठेवा, कुशीवर पडू देऊ नका. स्वतःच्याच वजनानं त्याची छाती दबते, म्हणून खाली काहीतरी मऊ आणि रुंद सरकवा. नुसती चादर नको. मऊ, आणि जमलं तर पाण्यावर तरंगणारं.

सुमित्रा : हवेची गादी.

उडुप : ती दुरुस्तीत आहे.

सुमित्रा : चार वर्षं?

उडुप : वॉल्व्ह मिळत नाही.

सुमित्रा : पोस्टमास्तर, मी चार वर्षांत कधी विचारलं नाही. आज विचारतेय.

उडुप : शारदेची आहे ती.

सुमित्रा : माहीत आहे. सहा वर्षं वहिनी त्या गादीवर होत्या आणि पाठीला एक जखम नाही. मी दवाखान्यातसुद्धा अशी पाठ पाहिली नाही. तुमचे कष्ट होते ते.

उडुप : ती गेल्यावर बाकी सगळं दिलं. खाट, खुर्ची, भांडी. त्यातूनच तर संस्था सुरू झाली. फक्त ही... हिच्यातली हवा मी सोडली नाही, सिस्टर. ती होती तेव्हाची आहे. दर महिन्याला थोडी कमी होते. भरत नाही मी. निम्मी राहिलीय.

सुमित्रा : मला ठाऊक नव्हतं.

उडुप : चार वर्षांत किती माणसं आली गादीसाठी. सगळ्यांना मी दुरुस्तीत म्हटलं. माणसांना नाही म्हटलं आणि आता माशाला देऊ?

सुमित्रा : मासा नाही तो.

गिरिजा : अक्का, ऐकू येतंय का? अठरापर्यंत मोजते तोवर फुस्स होतं. मघाशी पंचवीस व्हायचे.

सुमित्रा : दम लागतोय त्याला. पोस्टमास्तर, मी चादरी आणि बेडपॅन घेऊन रिक्षा थांबवते. गादीचं तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही.

उडुप : ...सिस्टर.

सुमित्रा : काय?

उडुप : पायपंप कुठे ठेवलाय?

*

(वाळूवर, भर दुपारच्या उन्हात. उडुप एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात छत्री धरून.)

गिरिजा : या, या! एवढंच? दोघंच? मला वाटलं गाडी येईल, शिट्टी वाजवत.

सुमित्रा : गाडी नाही आमच्याकडे. सरक. अरे बाप रे. कसा रे तू इथं आलास, बाळा? गिरिजा, चादर भिजव. तू डोक्याकडून, मी शेपटीकडून. पोस्टमास्तर, तो ओला टॉवेल द्या.

उडुप : दिला. डोक्यावर घातलाय, उन्हाचा त्रास नको म्हणून.

सुमित्रा : काढा! काढा आधी! नाक डोक्यावर आहे त्याचं!

उडुप : मॅडमही तेच ओरडतायत. क्षमा करा, मॅडम. क्षमा कर बाबा तूही.

गिरिजा : भट्रे, माफी मागून झाली असेल तर छत्री नीट धरा. सावली तुमच्यावरच पडतेय.

उडुप : मी भट नाही. मी पोस्टमास्तर होतो.

गिरिजा : बरं, पोस्टाचे भट्रे. गादी आणा.

उडुप : गादी देण्यापूर्वी नोंद करावी लागते. तक्त्यात पेशंटचं नाव घातल्याशिवाय वस्तू 'दिली' असं दिसत नाही. पुढचं पान उघडतच नाही.

गिरिजा : हा मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याचं नाव विचारताय?

उडुप : नाव आणि जवळचा नातेवाईक.

गिरिजा : लिहा, कुट्टी, म्हणजे पिल्लू. नातेवाईक गिरिजा खार्वी. नातं, आज सकाळपासूनचं. झालं?

उडुप : झालं. उघडलं पान.

सुमित्रा : आता वाळू उकरा. डाव्या बाजूनं, हातानं, फावडं नको. मी त्याला चादरीनं जरासा उचलते, तुम्ही गादी आत सारा. पेशंटची चादर बदलतात तसं. एक, दोन, तीन. हां. परत. एक, दोन...

गिरिजा : अय्यो, किती जड! अक्का, तीन माणसांचं काम नाही हे. आमचे सगळे पुरुष बोटीवर गेलेत, चार वाजेपर्यंत येत नाहीत. वाडीत उरल्या त्या माझ्यासारख्या बायका.

सुमित्रा : पोस्टमास्तर, निरोपाची सोय. सगळ्यांना बोलवा.

उडुप : लिहायला वेळ लागेल. तयार मजकूर आहेत त्यातला एक निवडतो. हा बरा दिसतोय. 'तातडीचे. ऊरुगोलुला तुमची गरज आहे. आपापले साहित्य घेऊन ताबडतोब या.' आणि जागेची खूण जोडली. गेला.

सुमित्रा : कुणाला गेला?

उडुप : यादीला.

सुमित्रा : कुठल्या यादीला?

उडुप : एकच यादी आहे, सिस्टर.

सुमित्रा : पोस्टमास्तर! ते सगळे पेशंट आहेत!

*

गिरिजा : भट्रे, मला उन्हानं भ्रम झालाय की माडांतून काहीतरी चालत येतंय?

उडुप : वॉकर आहेत. पाच. आणि त्यांच्यामागे... चाकाच्या खुर्च्या.

गिरिजा : ही तर जत्रा. त्या पुढच्या आजोबांनी चांगला सदरा घातलाय.

उडुप : गणपय्या अज्ज. सिस्टर, ते म्हणतायत, संस्थेला तातडीनं साहित्य परत हवंय म्हणून निरोप आला, म्हणून सगळे साहित्य घेऊन आले. नाराज आहेत. म्हणतायत, वॉकर परत घ्यायचा तर घ्या, पण मला घरी कोण पोचवणार?

सुमित्रा : सांगा त्यांना, कुणाचंच काही परत घ्यायचं नाही.

उडुप : आता सांगितलं तर ते जातील. मी म्हटलंय, परत घ्यायचं की नाही ते काम झाल्यावर ठरेल. सिस्टर, ती बघा! ती तिसरी खुर्ची! आपलीच. केळ्यांसकट आलीय.

सुमित्रा : केळी उतरवून खुर्ची इथं आणा. तिच्यावर बसून आपल्या काठीवाल्या पद्मावतम्मा छत्री धरतील. बाकीच्यांना गोल बसवा. प्रत्येकाच्या हातात एक बेडपॅन, आणि पाणी हळू, पाठीवर. नाकावर एक थेंब जाता कामा नये.

गिरिजा : एऽ लुंगीवाल्या! हो, तूच, मोटरसायकलवरचा. फोटो नंतर. आधी हात धू आणि चादरीचं टोक धर. आणि तुझे ते तिघे मित्र? त्यांना काय हात नाहीत? या इकडे, भावजी लोक.

उडुप : मॅडम म्हणतायत, शांतता ठेवा. प्राणी घाबरून मरतो.

गिरिजा : सगळे गप्प! गणपय्या अज्ज, खोकू नका!

उडुप : ते म्हणतायत, मी खोकत नाही, त्याच्याशी बोलतोय.

सुमित्रा : बोलू देत. त्याचा श्वास बावीसवर आलाय. गादी पुरती आत गेली का?

उडुप : गेली. पण निम्मीच फुगलीय, पोट खाली टेकतंय. पंप मारायला हवा.

सुमित्रा : मारा मग.

उडुप : हो. ...हो. मारतोय.

गिरिजा : अक्का, भट्रे रडतायत का?

सुमित्रा : घाम आहे तो. तू पाण्याकडे बघ. भरती कुठवर आलीय?

गिरिजा : त्या फळीपर्यंत. अजून अर्ध्या तासात इथं पाय भिजतील. पण तेवढं पाणी याला पुरायचं नाही, ढकलावंच लागेल.

उडुप : सिस्टर, घोटाळा झाला. मॅडम गेल्या.

सुमित्रा : गेल्या म्हणजे?

उडुप : बंद झालं. फुकटात चाळीसच मिनिटं मिळतात. शेवटचं वाक्य होतं, 'पाण्यात नेल्यावर सर्वांत महत्त्वाचं म्हणजे'... आणि पडदा काळा.

गिरिजा : सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काय?

उडुप : तेच तर कळलं नाही. परत लावतोय. 'थोड्या वेळाने प्रयत्न करा.'

सुमित्रा : लावत राहा. पाणी मॅडमसाठी थांबणार नाही. बहुतेक पेशंटचं सर्वांत महत्त्वाचं मला ठाऊक आहे. घाई करायची नाही, आणि हात सोडायचा नाही. चला. चौघं त्या बाजूला, गिरिजा पुढे, मी डोक्याशी. गादी ढकलायची, याला नाही. गिरिजा, तुम्ही होडी ढकलताना काय म्हणता?

गिरिजा : म्हणतो काहीतरी, पण ते बायकांनी म्हणायचं नसतं.

सुमित्रा : मनात म्हण, आणि खांदा लाव.

गिरिजा : हऽऽऽ... हललं! परत! भट्रे, पंप ठेवा आणि या पाण्यात!

उडुप : मला पोहता येत नाही.

गिरिजा : गुडघाभर पाण्यात कोण बुडतंय? धरा तो कोपरा. हऽऽऽ...

सुमित्रा : तरंगली. गादी तरंगली. हळू. नाक वर. कमरेपर्यंत या सगळे. तू बघतोयस ना मला? बघ. असंच. आता गादी खाली दाबा आणि मागून ओढून घ्या.

उडुप : सिस्टर, आवाज येतोय. माझ्या हाताखाली.

सुमित्रा : कसला?

उडुप : वॉल्व्हचं टोपण निघालं. हवा सुटतेय.

सुमित्रा : धरा, बोटानं दाबून धरा!

उडुप : नको. खाली जाऊ दे तिला. म्हणजे तो सुटा होईल. ...जा रे. जा बाबा.

गिरिजा : गेला! गेला, गेला... मेला वळतोय! अक्का, परत इकडेच वळला!

सुमित्रा : हात पसरा! सगळ्यांनी, भिंत करा!

गिरिजा : इकडे काय तुझं? इकडे वाळू आहे, ऊन आहे, माणसं आहेत! तिकडे जा! उलटा फिर, शहाणा ना तू! मी येते तुझ्याबरोबर, हे बघ, गळ्यापर्यंत येते, चल...

उडुप : गिरिजा! पुढे जाऊ नकोस! सिस्टर, तिला बोलवा!

सुमित्रा : तिला पोहता येतं, पोस्टमास्तर. खार्वी आहे ती.

उडुप : दिसत नाही कुणीच. मला चष्म्यावर पाणी आलंय. तुम्हाला दिसतंय का?

सुमित्रा : एक डोकं दिसतंय. केस आहेत त्याला. ...आणि तो! तो बघा, पलीकडे. फुस्स. अजून पुढे. फुस्स.

उडुप : किती आकड्यांनी?

सुमित्रा : मोजायचं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मोजायचं राहिलं.

*

गिरिजा : घ्या, भट्रे, तुमची गादी. पार पापड झालाय तिचा.

उडुप : होऊ दे. धुऊन वाळत घालू. कोचीच्या मॅडमचा निरोप आलाय. सर्वांत महत्त्वाचं होतं, पाण्यात नेल्यावर लगेच सोडू नका, थोडा वेळ धरून ठेवा, त्याचं अंग बधिर झालेलं असतं.

सुमित्रा : धरून ठेवला होता की आपण.

उडुप : मी तसंच कळवलंय. वनखात्याची गाडीही आली. साहेब विचारतायत, केंद्राचे प्रमुख कोण. मी तुमच्याकडे बोट दाखवलं. ते सध्या केळी खातायत.

सुमित्रा : आणि आपली मंडळी?

उडुप : कुणी घरी जायला तयार नाही. गणपय्या अज्ज विचारतायत, पुढचा कधी?

गिरिजा : अक्का, एक विचारू? ही चादर, ही भांडी, त्या खुर्च्या. एवढं सगळं डॉल्फिनसाठी ठेवता तुम्ही?

सुमित्रा : अगं, किती वेळा सांगू? डॉल्फिनसाठी नाही. चार वर्षं झाली, आम्ही माणसांनाच देतो. आजारी माणसांना.

गिरिजा : माणसांना?

सुमित्रा : ज्याला गरज आहे त्याला. का?

गिरिजा : नाही. काही नाही. आम्हाला कुणी बोललंच नाही कधी. आम्ही तर इथंच, ते निळे पत्रे दिसतायत ना, ते घर.

सुमित्रा : कोण आहे घरात?

गिरिजा : सासरे. आठ महिने झाले, होडीवरून पडले तेव्हापासून उठले नाहीत. चटईवर असतात, खाली जमिनीवर. खाट आणून दिली तर उतरता येत नाही म्हणून नको म्हणतात.

सुमित्रा : पाठ कशी आहे त्यांची?

गिरिजा : बघू देत नाहीत.

सुमित्रा : वास येतो?

गिरिजा : ...येतो.

सुमित्रा : चल. आत्ता चल. पोस्टमास्तर, ती कोरडी चादर आणि माझी पिशवी घ्या.

उडुप : मीही येतो. गादी वाळली की तीही तिकडेच. पण असा, भिजलेला, उघडाबोडका? परक्या घरी?

गिरिजा : या हो. त्यांना फारसं दिसत नाही. कुणीही आलं की आधी विचारतात, जेवलात का? तुम्ही आपलं हो म्हणा, नाहीतर मासे वाढायला लावतील.

उडुप : म्हणतो. आणि त्यांचं जेवण झालंय का?

गिरिजा : सकाळी पेज पाजून निघाले मी, भट्रे. पाच मिनिटांत येते म्हणाले होते.